परगावच्या पाण्याची डाळ

लेक द्यायची म्हटलं की लोक आधी जमीन विचारतात, मग माणसं, मग नवरदेवाला काही खोड आहे का ते. पंचफुलाबाईच्या माहेरची रीत निराळी होती. तिच्या आईनं आणि आईच्याही आईनं, कुठल्या गावाला पोर देण्याआधी त्या गावचं घागरभर पाणी मागवून त्यात तुरीची डाळ शिजवून पाहिली होती. डाळ मऊ झाली तर बोलणी पुढं. दाणा कडक राहिला तर पाहुण्यांना चहा पाजून वाटेला लावायचं. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही ते पाणी बाईच्या हाडाला लागतं, असा त्या बायकांचा हिशेब.

हट्ट्याला नांदायला आल्यावरही पंचफुलाबाईनं ही रीत सोडली नाही. तिन्ही लेकी तिनं अशाच दिल्या. एका गावाला तर कुंकवाच्या आदल्या दिवशी नकार धाडला, आणि त्या गावचे लोक अजून वसमतच्या बाजारात ती दिसली की तोंड फिरवत. ती म्हणायची, "फिरवू द्या की. माझी पोर तर तुमच्या पाण्याला लागली न्हाई."

म्हणून चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात संपतचं पत्र आलं, तेव्हा तिला उत्तर शोधावं लागलं नाही. संपत तिचा एकुलता लेक. औरंगाबादला राहून डिप्लोमा झालेला, पाणीपुरवठ्याच्या खात्यात ओव्हरसियर, आणि गेल्या हिवाळ्यापासून पार कोकणात, रत्नागिरीच्या बाजूला. त्यानं लिहिलं होतं: खोली मिळाली आहे, येतो आणि कौशल्याला व लेकराला घेऊन जातो. पंचफुलाबाई दुसरी शिकलेली. वाचायची अक्षर जुळवून जुळवून, पण लिहायचा तिला कंटाळा. तिनं सुनेला बसवलं आणि उलटटपाली सांगितलं, "लिही. ये म्हणावं. पण येताना तिथल्या नदीचं पाणी आण. पाणी न्हाई तर सून न्हाई."

"आत्याबाई, ते दोन दिवसांच्या वाटेवरून पाणी घेऊन येतील?" कौशल्या म्हणाली.

"तू दोन दिवसांच्या वाटेवर जन्म काढायला चालली. त्याला एक डबा जड झाला का?"

संपत आला तो बारदानात गुंडाळलेला पांढरा प्लॅस्टिकचा कॅन खांद्यावर घेऊन. रत्नागिरीहून पुणे, पुण्याहून मनमाड, मनमाडहून परभणी, आणि तिथून एस.टी.नं हट्टा. दुसऱ्या हातात लाकडी पेटी. पेटीत बाटल्या, औषधं आणि खात्याचे कागद. त्याचे वडील मसाजी बाजेवर पडले होते. त्यांनी कॅनकडं पाहिलं आणि विचारलं, "घासलेट आणलं का रे?"

"नदी आणली," संपत हसून म्हणाला.

चहा झाल्यावर त्यानं आपलं काम आईला समजावून सांगितलं. सावळी नावाची नदी आहे. सात मैलांवर ती समुद्राला मिळते. तिच्या काठी विहीर खोदायची, विहिरीवर यंत्र बसवायचं आणि अकरा गावांना नळानं पाणी द्यायचं, असं सरकारच्या मनात आहे. पण समुद्र जवळ असला की नदीत खार शिरतो. म्हणून ते पाणी पिण्याजोगं आहे का, हे आधी कोणीतरी तपासून सांगायचं. ते कोणीतरी म्हणजे संपत. पाच महिने त्यानं बाटल्या भरल्या, तपासल्या, वहीत आकडे लिहिले. सगळे आकडे चांगले आले. आता अहवालाची पक्की प्रत लिहून जूनच्या एक तारखेला साहेबाच्या टेबलावर ठेवायची.

"खाली सही कोणाची?" पंचफुलाबाईनं विचारलं.

"माझीच. 'पिण्यास योग्य' म्हणून. साहेब म्हणाले, हे काम बराबर झालं की जुलैमधी नोकरी पक्की."

पंचफुलाबाईची मान वर झाली ती झालीच. ज्या विहिरीवर तिला पूर्वी कधी पाय ठेवू दिला गेला नव्हता, ती विहीर तिच्या घरातून सरळ दिसायची. आता तिला तिथं कोणी अडवत नव्हतं, निदान तोंडावर तरी नाही. पण अकरा गावांनी काय प्यावं हे आपल्या पोटचा पोरगा ठरवणार, ही गोष्ट तिनं सकाळपासून गावकुसाबाहेरच्या आपल्या वाड्यातल्या सात घरी सांगितली, आणि आठव्या घरच्या जनकाबाईला ती ऐकायला आपणच यावं लागलं.

जनकाबाई आली तेव्हा पंचफुलाबाई चुलीपुढं बसली होती. चुलीवर एक भगुनं, शेजारच्या वैलावर दुसरं. एकात हट्ट्याच्या विहिरीचं पाणी, दुसऱ्यात संपतच्या नदीचं. दोन्हींत एकाच डब्यातली तुरीची डाळ, एकाच वाटीनं मोजून. रीत म्हणजे रीत. हळद नाही, तेलाचा थेंब नाही. वैलाला आच कमी लागते म्हणून ती मधून मधून भगुन्यांची जागा बदलत होती, म्हणजे कोणाची तक्रार नको.

"काय चाललंय पंचफुला? दोन दोन भगुन्यांत डाळ, पाव्हणे किती आले?"

"एकच आलाय. नदी घेऊन आलाय."

जनकाबाई उंबऱ्याशी टेकली. तिला रीत माहीत होती. तिच्या पुतणीची सोयरीक पंचफुलाबाईनंच अशी डाळ शिजवून मोडली होती. "आन् साहेबाच्या आईचा साहेबावर भरवसा न्हाई व्हय? त्यानं तर बाटलीत घालून पाहिलंय."

"बाटलीत डाळ शिजते का?"

तासाभरात हट्ट्याच्या पाण्यातली डाळ फुटली. पळीनं दाबली की लोणी. दुसऱ्या भगुन्यात पाणी उकळत होतं, फेस येत होता, पण दाणे जसेच्या तसे, वेगवेगळे, तळाशी खडखडत. पंचफुलाबाईनं आणखी तुऱ्हाट्या सारल्या. अर्धा तास गेला. एक दाणा काढून तिनं दोन बोटांत दाबला. दाबला गेला नाही, निसटला.

"कौशल्ये, डाळ एकाच डब्यातली घेतली का गं?"

"तुमीच घेतली, आत्याबाई."

"मंग भगुन्याला काही लागलं व्हतं का?"

"तुमीच घासलं."

पंचफुलाबाईनं सुनेकडं पाहिलं. सुनेनं लेकराकडं पाहिलं. जनकाबाईनं पदर तोंडाला लावला, पण हसू पदराबाहेर आलंच. "अगं, कशाला तिला इचारती? गावाला कळतंय. सून जाऊ नये म्हणून सासूनं चिमूटभर काही टाकलं असंल. माझी सून चालली असती तर म्या बी टाकलं असतं."

संपत आतून आला. तो पाटावर कागद मांडून पक्की प्रत लिहीत बसला होता. बोटाला शाई. त्यानं चमच्यानं भगुन्यातलं पाणी घेतलं, फुंकलं, चाखलं. मग पुन्हा चाखलं.

"माय," तो हळू म्हणाला, "मीठ टाकलंस का?"

पंचफुलाबाईला राग आला की ती ओरडायची, हे सगळ्या वाड्याला माहीत होतं. ती ओरडली नाही. पळी खाली ठेवली, पदरानं हात पुसले.

"तुझ्या तिन्ही बहिणींच्या येळी मी दाण्याला दाणा खरा सांगितला. एकीचं चांगलं स्थळ हातचं सोडलं. तवा कोणी मला इचारलं न्हाई मीठ टाकलं का म्हणून. आन् तू इचारतो."

"तसं न्हाई माय. पण पाच महिने मी..."

"मला काहून सांगतो? तुझ्या बाटलीला इचार. तिला तर सासू नसती."

संपतला लाज वाटली, पण तो शिकलेला होता आणि शिकलेल्या माणसाला लाज वाटली की तो काहीतरी मोजायला लागतो. कॅनचं बूच सकाळी आईनंच काढलेलं. म्हणून त्यानं कॅनला हात लावला नाही. त्याची एक सवय होती: पाणी भरलं की त्याच वेळी, त्याच जागची एक लहान बाटली भरायची, मेणानं बंद करायची, चिठ्ठी चिकटवायची. कॅन घरच्यासाठी होता तरी सवयीनं त्यानं बाटली भरलीच होती. ती पेटीत तशीच होती, मेणासकट. त्यानं ती सगळ्यांना दाखवली, जनकाबाईलाही.

अंगणात, लिंबाच्या सावलीत, त्यानं पेटी उघडली. काचेच्या एका भांड्यात हट्ट्याचं पाणी घेतलं, त्यात पिवळ्या औषधाचा थेंब टाकला. पाणी हळदीसारखं झालं. मग दुसऱ्या बाटलीतलं औषध, चांदीपासून केलेलं, एकेक थेंब सोडू लागला. "पिवळं पाणी विटकरी झालं की थांबायचं," तो म्हणाला. "जितके थेंब जास्ती, तितकं मीठ जास्ती."

नवव्या थेंबाला पाणी विटेच्या रंगाचं झालं.

"आन् तुझ्या नदीला किती लागतात?" पंचफुलाबाईनं विचारलं. ती लांब बसली होती, पाठ अर्धी फिरवून.

"सहा. फार तर सात. आपल्या विहिरीपेक्षा गोड हाय ती."

त्यानं मेण फोडलं, बाटलीतलं पाणी दुसऱ्या भांड्यात घेतलं, पिवळं केलं आणि थेंब सोडायला लागला. सहा झाले. सात झाले. दहा झाले, तरी पिवळं ते पिवळंच. वीस. कौशल्या लेकरू कडेवर घेऊन जवळ आली. तीस झाले तेव्हा जनकाबाई मोठ्यानं मोजायला लागली. मसाजी बाजेवरून उठले, कॅनजवळ गेले, ओंजळभर पाणी ओतून घेतलं आणि प्याले. ओठ पुसले.

"मचूळ हाय," ते म्हणाले आणि पुन्हा बाजेवर जाऊन पडले.

संपत थांबला नाही. पंचावन्नाव्या थेंबाला कुठं पाणी विटकरी झालं. त्यानं भांडं उजेडात धरलं, खाली ठेवलं, आणि चिठ्ठी वाचली. मग पेटीतून वही काढून मागची पानं चाळली. त्याच्या कपाळावर घाम होता. मे महिना होता, पण तो घाम उन्हाचा नव्हता.

जनकाबाई उठली. ती तोंडाची वाईट असली तरी कुठं उठावं हे तिला कळत होतं. जाताना पंचफुलाबाईच्या खांद्याला हात लावून म्हणाली, "म्या आपलं गमतीनं म्हटलं बरं का."

"ठाव हाय. तुझी गंमत सगळ्या हट्ट्याला ठाव हाय."

ती गेल्यावर पंचफुलाबाई सरकून लेकाजवळ आली. राग तिनं अजून सोडला नव्हता, पण बाजूला ठेवला होता. "चिठ्ठीवर काय लिवलंय?"

"सत्तावीस मे. दुपारी एक वाजता. काठावरून."

"आन् वहीतल्या बाटल्या? त्या कवा भरल्या? वाच. एक एक वाच."

त्यानं वाचलं. सकाळी सात. दुपारी तीन. सकाळी साडेनऊ. संध्याकाळी पाच. दुपारी बारा. "सगळ्या नदीच्या मध्यातून. खात्याचा नियम हाय, स्वच्छ वाहत्या पाण्यातून घ्यायचं."

"सरकारी माणूस तू. एका येळेला जाऊन भरून यायचं सोडून कधी सकाळी, कधी तिनीसांजा, काहून?"

"तिथं नदी चढते-उतरते, माय. भरती आली की नदी तुंबते, पाणी काठापर्यंत येते. मंग मी बसायचो काठावर. पाणी उतरलं की दगडं उघडी पडतात, त्यांच्यावरून मधोमध जाता येते. तिथं पाणी निवळ वाहते. तिथं भरायचो. ह्या खेपेला एस.टी. चुकायची भीती व्हती, म्हणून चढलेल्या पाण्यातच कॅन बुडवला. पण मला वाटलं, तुंबते ती नदीच. समुद्र तर सात मैल लांब."

पंचफुलाबाईची नजर पेटीवर होती, पण ती पेटी पाहत नव्हती.

गावची विहीर त्यांना नव्हती तेव्हा सगळा वाडा नदीवर जायचा. उन्हाळ्यात वाळूत झिरा उकरायचा, पावसाळ्यात वाहत्या पाण्याला घागर लावायची. संपत पाच-सहा वर्षांचा होता. एकदा वरून पाणी आलं, नदी फुगली, आणि हा लहानगा तांब्या घेऊन पुढं धावला. तिनं त्याच्या पाठीत धपाटा घातला होता. चढलेल्या पाण्यात भांडं बुडवायचं नाही. गाळ असतो, मेलेलं जनावर असतं, रोग असतो. काठावर बसायचं. उतरू द्यायचं. दगड दिसले की मधे जाऊन निवळ भरायचं. हे तिनं त्याला एकदा नाही, शंभरदा सांगितलं होतं, आणि त्या पावसाळ्यांत वाड्यातली लेकरं हगवणीनं गेली तरी तिची चारही जगली होती.

"कुठं शिकला तू हे?" तिनं विचारलं. उत्तर तिला ठाऊक होतं.

संपत वर बघून कसंनुसं हसला. "पुस्तकात तर न्हाई शिकलो."

"व्हय. मीच शिकवलं." हे तीन शब्द उच्चारायला तिला डाळ शिजायला लागतो तेवढा वेळ लागला. "पण आपली नदी चढते ती वरून. तुझी चढते खालून. हे मला काय ठाव? मी समुद्र पाहिला का कधी? तू तर पाहिला."

"पाहिला, माय."

"तिथल्या बाया नदीचं पाणी पितात का?"

संपतनं वही मिटली.

"बोल की. अकरा गावं हायेत म्हणला. आज काय पितात ते लोक?"

"डोंगराकडं एक झरा हाय. बाया तिथून आणतात. दोन मैल पडते."

"घरापुढून नदी वाहते आन् बाया दोन मैल डोंगर चढतात. तुला इचारावंसं वाटलं न्हाई, काहून चढता म्हणून?"

"मला वाटलं, सवय असंल."

"सवय!" आता मात्र तिचा आवाज वाड्यात ऐकू गेला. "आमी वाळूत झिरे उकरायचो तवाबी साहेब लोक घोड्यावरून जाताना म्हणायचे, ह्यांना सवय हाय. बाईला डोक्यावरच्या हंड्याची सवय नसती रे. तिला दुसरा रस्ता नसतो. तू हंडा उतरवून घ्यायला गेला, आन् हंडेवालीला एक शब्द इचारला न्हाई."

लेकरू दचकून रडायला लागलं. कौशल्यानं त्याला थोपटलं. तिच्या तोंडावर काही दिसत नव्हतं, पण ती तिथून हललीही नाही.

संपत पक्की प्रत घेऊन आला. सात पानं झाली होती, सुंदर अक्षर, समासाला रेघ. शेवटच्या पानावर 'पिण्यास योग्य' एवढं लिहून सही राहिली होती. "दिवसातून दोनदा भरती येते," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "पण दर वेळी एवढा खार येत नसंल. माझे पाच महिन्यांचे आकडे चांगले हायेत. साहेबाला तेच पाहिजेत. ह्या एका बाटलीचं कोणाला ठाव न्हाई."

"मला ठाव हाय," पंचफुलाबाई म्हणाली. "आन् एक सांग. तू काठावर बसून पाणी उतरायची वाट पाहतो. विहिरीवरचं यंत्र पाहील का?"

संपतनं सातवं पान काढून बाजूला ठेवलं, कोरा कागद घेतला आणि लिहू लागला. पंचफुलाबाई बसून राहिली. चुलीवरची डाळ तिनं उतरवली होती. नदीच्या पाण्यातली कोंबड्यांपुढं टाकली, त्यांनी ती आवडीनं टिपली.

"वाच," कागद भरल्यावर ती म्हणाली.

"'नदीतील पाण्याचे नमुने केवळ ओहोटीच्या वेळी घेण्यात आले असल्याचे निदर्शनास आले आहे. सबब...'"

"थांब. कोणी घेतले?"

"असंच लिवतात माय. सरकारी भाषा हाय."

"सरकार उभं व्हतं का दगडावर बाटली घेऊन? कोणाच्या निदर्शनास आलं? जनकाबाईच्या?"

"नाव घातलं तर साहेब मला इचारतील. नोकरी लांबंल. कदाचित..."

पंचफुलाबाईनं त्याच्याकडं पाहिलं. ह्याच नोकरीसाठी तिनं काय काय सोसलं ते ती कधी बोलून दाखवायची नाही, आताही दाखवलं नाही. तिनं मांडी बदलली.

"लांबू दे," ती म्हणाली. "आपण लई दिवस लोकांनी ठरवलेलं पाणी प्यालो. ते ठरवणाऱ्याचं नाव कोणत्याच कागदावर नव्हतं. असतं तर मी जाऊन त्याला इचारलं असतं. तुझं असू दे. कोण्या बाईला इचारायचं झालं तर तिला सापडंल."

संपतनं तो कागदही बाजूला ठेवला. तिसरा घेतला. ह्या वेळी त्यानं थोडंच लिहिलं आणि न सांगता वाचून दाखवलं. "'हे नमुने मी घेतले. भरतीच्या वेळी मी एकही नमुना घेतला नाही, ही माझी चूक आहे. सत्तावीस मे रोजी भरतीच्या वेळी घेतलेल्या पाण्यात मीठ नेहमीच्या आठपट आढळले. हे पाणी पिण्यास योग्य आहे, असे मला आज सांगता येत नाही. विहिरीची जागा खार पोचत नाही इतकी वर शोधावी लागेल. त्यासाठी येत्या उन्हाळ्यापर्यंत मुदत मिळावी.'"

"आठपट व्हतंय का बराबर?"

"सात थेंबांचे पंचावन्न. जवळजवळ."

"मंग 'जवळजवळ' लिही."

त्यानं 'जवळजवळ' घातलं आणि खाली सही केली. पंचफुलाबाईनं कागद हातात घेतला आणि सही अक्षर जुळवून वाचली, ओठ हलवत, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत. तिनं मान हलवली आणि कागद शाई वाळायला उंबऱ्यावर ठेवून त्यावर पाटा-वरवंट्यातला वरवंटा आडवा ठेवला, वारं होतं म्हणून.

मसाजींनी बाजेवरून विचारलं, "मंग डाळ तर शिजली न्हाई. सून जाते का राहते?"

रीतीप्रमाणं उत्तर पंचफुलाबाईचं होतं, आणि ते 'न्हाई' होतं. तिन्ही लेकींच्या वेळी तिनं ते कोणाला न विचारता दिलं होतं. आताही तोंडाशी आलं होतं.

"मला काय इचारता," ती म्हणाली. "तिला इचारा."

सगळ्यांनी कौशल्याकडं पाहिलं. तिला ह्या घरात येऊन तीन वर्षं झाली होती, आणि एवढी माणसं एकदम तिच्या बोलण्याची वाट पाहत थांबली असं पहिल्यांदाच होत होतं. तिनं लेकराला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"जाते," ती म्हणाली. "झरा हाय म्हणाले ना. बाया जातात तर मीबी जाईन त्यांच्याबरोबर. आन् पाणी कवा चढते, कवापर्यंत खारं राहते, ते त्यांना मीच इचारीन. ह्यांना बाया काही सांगायच्या न्हाईत."

"का न्हाई सांगणार?" संपत म्हणाला.

"साहेबाला कोण सांगते?" सासू आणि सून दोघी एकदमच म्हणाल्या, आणि मग दोघींनीही एकमेकींकडं न बघता आपापलं काम शोधलं.